मोज्यातलं कस्टर्ड

प्रश्न : मुलाने हिंजवडीची नोकरी सोडली. दिवसभर गिटार खाजवतो, रात्री कुठल्याशा कॅफेत विनोद सांगतो, मधेच कविता करतो. बोलायला गेलं की म्हणतो, "स्पाइक मिलिगननेही हेच केलं, आणि तो आपल्या पुण्याचा!" कोण हा? खरंच पुण्याचा?
– एक आई, कर्वेनगर

उत्तर : ताई, निम्मा पुण्याचा. जन्म नगरचा, १९१८ चा. वडील आयरिश, ब्रिटिश फौजेत. बालपण पुण्यात गेलं, शाळा कॅम्पातली जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट. मग रंगून, आणि पुढे लंडन. तिथे जाझ बँडमध्ये ट्रम्पेट आणि गिटार वाजवायचा. महायुद्धात तोफखान्यात होता, १९४४ मध्ये इटलीत जखमी झाला. त्या दिवसांवरची त्याची पुस्तकं मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचली. इतका खिदळलो की समोरच्या आजोबांनी टेबल बदललं.

नाव झालं ते बीबीसी रेडिओवरच्या 'गून शो' या विनोदी कार्यक्रमामुळे, १९५१ ते १९६०. सोबत पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम्ब हे विनोदी नट, पण बहुतेक संहिता याच्या. माझ्या मते हा आधी वाजवणारा, मग लिहिणारा. त्याचा विनोद कानातून सुचायचा. एकदा 'पचक्' असा आवाज हवा होता, तर म्हणे पठ्ठ्याने स्वतःच्या मोज्यात कस्टर्ड भरून तो फळीवर आपटला! मोज्याचं पुढे काय झालं ते विचारू नका. पुढे नाटक, टीव्ही, मुलांसाठी अर्थहीन पण तालबद्ध कविता, आणि १९६३ मध्ये 'पकून' ही कादंबरी : आयर्लंडची फाळणी होताना सीमारेषा थेट एका गावातूनच जाते, त्याची फजिती.

आयरिश तो कागदोपत्री नंतर झाला. १९६२ च्या सुमारास ब्रिटनचे नियम बदलले, जन्म हिंदुस्थानातला म्हणून पासपोर्टाचा घोळ झाला, तर गडी सरळ आयरिश नागरिक झाला. म्हणून पुढे मिळालेली नाइटहूड मानद, 'सर' लावायची सोय नाही.

पण तुमच्या चिरंजीवांनी सांगितलं नसेल ते मी सांगतो. दर आठवड्याला नवी संहिता, त्या ओझ्याखाली १९५२ मध्ये त्याचं मन पार कोसळलं. इस्पितळात ठेवावं लागलं. आजार जन्मभर पुरला. २००२ मध्ये गेला, तर थडग्यावर आयरिश भाषेत कोरलंय : "सांगितलं होतं ना, मी आजारी आहे म्हणून!"

तेव्हा मुलगा रात्री नीट झोपतो का, जेवतो का, तेवढं बघा. आणि एकदा त्या कॅफेत स्वतः तिकीट काढून मागच्या खुर्चीवर बसा. हसू आलं नाही, तर मला पुन्हा लिहा.