पुतण्याला हवा होता फुटबॉल, मी दिली शेळी

"मावशी, नाताळला आमचं सगळं सासर एकत्र जमतं आणि सगळे सगळ्यांना भेटी देतात. गेल्या वर्षी मी ठरवलं की पुरे झाल्या आता वस्तू, कपाटं उघडली की अंगावर पडतात, म्हणून मी प्रत्येकाच्या नावाने दान केलं आणि एकेक कार्ड दिलं. सासूबाईंना कोंबड्यांचं, दिरांना झाडांचं, जावेला मुलींच्या शाळेच्या पुस्तकांचं आणि नऊ वर्षांच्या पुतण्याला शेळीचं. त्याने पाकीट उघडलं, कार्ड उलटसुलट करून पाहिलं, पाकिटात परत हात घालून बघितलं आणि विचारलं, काकू, शेळी कुठंय? मी समजावून सांगितलं तर गप्प बसला. नंतर कळलं की तो दोन महिने फुटबॉलची वाट बघत होता. जाऊ स्वयंपाकघरात म्हणाली, दान तुमचं, पुण्य तुमचं, मग आमची भेट कुठली? सासूबाई तर काहीच बोलल्या नाहीत. नवरा म्हणतो, यंदा गुपचूप दुकानातून काहीतरी आण आणि विषय संपव. मावशी, मी चांगलंच करायला गेले होते. माझं चुकलं का? यंदा काय करू?
गोंधळलेली काकू"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. "पाकिटात परत हात घालून बघितलं" हे तू लिहिलंस ना, तिथे मी थांबलेच. तुझ्या लक्षात राहिलंय म्हणजे तुलाही ते कुठेतरी लागलंय.

तर आधी सरळ सांगते. दान करून तू काहीच चुकली नाहीस. चुकलं ते एवढंच की तू तुझं दान केलंस आणि त्याला त्यांची भेट म्हणालीस. कोंबड्या कोणी निवडल्या? तू. शेळी कोणी निवडली? तूच. त्यात सासूबाई कुठे होत्या, पुतण्या कुठे होता? पाकिटावर फक्त नाव त्यांचं. जावेचं बोलणं तुला टोचलं असणार, पण रागावू नकोस तिच्यावर, ती अगदी नेमकं बोलली.

पण याचा अर्थ दानाची भेट देऊच नये असा नाही हं. माझंच सांगते. माझे वडील गेले त्या वर्षीच्या नाताळात एका मैत्रिणीने मला पाकीट दिलं. शेवटच्या दोन महिन्यांत वडिलांची काळजी ज्या संस्थेच्या नर्सनी घेतली होती, त्या संस्थेला तिने वडिलांच्या नावाने पैसे दिले होते आणि सोबत स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या होत्या, त्यातली एक ओळ अशी होती की काका त्या नर्सला रोज नवं कोडं घालायचे ते मला आठवतं. ते कार्ड मी अजून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलंय. तेही दानच, मग ते मला का भिडलं? कारण तिने माझ्या घरात काय घडलं होतं ते लक्षात ठेवलं होतं. पैसे किती दिले ते मला आजही माहीत नाही.

आता तुझ्या घरातल्या एकेकाकडे बघूया.

पुतण्यापासून सुरू करते, कारण त्याचं सगळ्यात आधी सोडवायला हवं. त्याला यंदा फुटबॉल दे. नऊ वर्षांच्या मुलाला हातात धरता येईल असं काहीतरी मिळालंच पाहिजे, त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा आपण करायची नाही. तुला नैतिक भेट द्यायची आहे ना, मग फुटबॉलइतकी चांगली सुरुवात नाही, कारण त्यामागे मोठी गोष्ट आहे. जगातले हाताने शिवलेले फुटबॉल बहुतांशी पाकिस्तानातल्या सियालकोट भागात बनतात. वीस षटकोनी आणि बारा पंचकोनी असे बत्तीस तुकडे, सगळे सुईदोऱ्याने जोडायचे. १९९० च्या दशकात उघड झालं की तिथे घराघरात लहान मुलं ही शिलाई करतायत, जगभर गहजब झाला, आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये तिथल्या उद्योजकांच्या संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफसोबत अटलांटामध्ये करार केला. शिलाईचं काम घरांतून काढून तपासणी करता येईल अशा केंद्रांत आणलं गेलं. मुलं त्यातून बरीच सुटली, पण घर सांभाळून शिवणाऱ्या कित्येक बायकांचं कामही गेलं, कारण त्यांना लांबच्या केंद्रावर जाणं जमेना. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण अमुक विकत घेऊ नका म्हटलं की प्रश्न सुटला असं आपल्याला वाटतं आणि तसं होत नाही, काम टिकायला हवं आणि मजुरी नीट मिळायला हवी, दोन्ही लागतं.

तर फेअरट्रेडचा, म्हणजे बनवणाऱ्याला रास्त मोबदला मिळावा म्हणून असलेला, शिक्का मारलेले फुटबॉल मिळतात, तो शोध. या शिक्क्याची सुरुवात १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये झाली, मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीपासून. शेतमालाच्या बाबतीत साधारण असं चालतं की बाजारभाव कोसळला तरी बहुतेक पिकांना ठरलेल्या किमान दराखाली जायचं नाही, आणि वर थोडी जादा रक्कम द्यायची, तिचं काय करायचं, विहीर की शाळा की दुसरं काही, ते शेतकरी किंवा कामगार आपसात ठरवतात. शिक्का म्हणजे सगळं शंभर टक्के स्वच्छ असं कोणी समजू नये, पण काहीच न बघता घेण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि शिक्क्याचा नाही मिळाला तर साधा फुटबॉल दे गं, पण फुटबॉलच दे.

आणि मग त्याच्यासोबत बसून दुसरी गोष्ट कर. त्याला सांग की काकूने एवढी एवढी रक्कम बाजूला ठेवलीय, ती कुठे द्यायची ते तू ठरव. तीनचार पर्याय समोर ठेव, रस्त्यावरच्या कुत्र्यांचा निवारा, मुलांची वाचनालयं, मच्छरदाण्या, काय असेल ते. तो प्रश्न विचारेल, कुत्र्याचं नाव काय, तो बरा होईल का. विचारू दे. ही रक्कम त्याच्या भेटीतून कापलेली नसावी एवढं मात्र बघ, ती तुझ्या पैशातली वेगळी असू दे.

शेळीवरून त्याचं मन उडू नये असं मला मनापासून वाटतं, कारण त्या कल्पनेचा उगमच सुंदर आहे. डॅन वेस्ट नावाचा एक अमेरिकन शेतकरी १९३० च्या दशकात स्पेनच्या यादवी युद्धात उपाशी मुलांना दूध वाटत होता, तेही मोजून, आणि दूध पुरायचं नाही. त्याच्या मनात आलं की या लोकांना कपभर दूध किती दिवस देणार, गायच द्यायला हवी. त्यातून त्याने एक संस्था उभी केली आणि १९४४ मध्ये तिच्या पहिल्या १७ कालवडी पोर्तो रिकोला गेल्या. आज तीच संस्था हेफर इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाते. त्यांची अट अशी की ज्या घराला जनावर मिळालं त्याने त्याचं पिल्लू पुढे दुसऱ्या गरजू घराला द्यायचं. म्हणजे घेणारं घर देणारं घर होतं. हे तू पुतण्याला गेल्या वर्षी सांगितलं असतंस तर कदाचित त्याचे डोळे चमकले असते. फुटबॉल हातात असताना सांगितलं असतंस तर नक्कीच.

फक्त एक बारीक अक्षरातली गोष्ट तूही वाचून ठेव. बऱ्याच संस्थांच्या कार्डावर शेळीचं चित्र असतं, पण अटींत लिहिलेलं असतं की ही रक्कम त्या प्रकारच्या कामात किंवा जिथे जास्त गरज असेल तिथे वापरली जाईल. ही फसवणूक नाही, उलट ते शहाणपणाचंच आहे, कारण जिथे चारा नाही, पाणी नाही, जनावरांचा डॉक्टर नाही तिथे शेळी पाठवून त्या घराचं ओझंच वाढेल. पण मग मुलाला "तुझ्या नावाची एक शेळी अमक्याच्या घरी गेली" असं सांगू नये, मुलं खोटं धरून ठेवतात आणि पुढे कधीतरी विचारतात.

आता सासूबाई. त्या गप्प बसल्या हे तू एका वाक्यात सांगून पुढे गेलीस, मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटली. वय झालेल्या माणसाला वर्षभरात स्वतःच्या नावाचं, आपल्यासाठी म्हणून आणलेलं असं किती येतं गं? कदाचित ती एकच भेट असेल. "मला काही नको" असं त्या म्हणत असतील तरी ते शब्दशः घेऊ नकोस. त्यांना एखादी मऊ शाल दे, हाताने विणलेली, विणणारीला नीट पैसे मिळतात अशा ठिकाणची. किंवा तुझा वेळ दे, जुने फोटो एकत्र बसून लावायचे, त्यांना भेटायचं असलेल्या एखाद्या मैत्रिणीकडे घेऊन जायचं. वेळ द्यायचा तर तारीख ठरवून दे, नाहीतर जूनपर्यंत ते राहूनच जातं. आणि गप्पा मारताना विचार, त्यांना कोणी मदत केली होती का कधी, शिक्षणाला, आजारपणात. तिथून जे निघेल त्या कामाला पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने दे, बघ मग.

दिरांना झाडं दिलीस त्यात वावगं काही नाही, त्यांनी तक्रारही केलेली दिसत नाही. झाडांबाबत एवढंच बघायचं की लावल्यावर तीनचार वर्षं जगवतं कोण. किती लावली हे सगळे सांगतात, किती जगली हे सांगणारी संस्था निवड.

जावेशी मात्र बोल. मेसेज टाकू नकोस, समोर बसून बोल. "त्या दिवशी तू बोललीस ते बरोबर होतं, मी विचारायला हवं होतं" इतकंच म्हण, पुढे "पण" लावू नकोस. आणि मग विचार की यंदा मोठ्या माणसांनी एकमेकांना वस्तू द्यायच्याच का? कित्येक घरांत असं करतात की मुलांना आणि आजीआजोबांना भेटी, आणि बाकी मोठ्यांनी मिळून एकच रक्कम काढायची आणि सगळ्यांनी ठरवलेल्या कामाला द्यायची. हे नोव्हेंबरातच विचार, डिसेंबरच्या वीस तारखेला नाही, तोपर्यंत लोकांची खरेदी झालेली असते. कोणी नाही म्हणालं तर त्याचं नाही मान्य कर, आणि कोणाची यंदा ओढाताण असेल तर त्याला वर्गणीचा आकडा सांगू नकोस, ज्याने त्याने जमेल ते पाकिटात टाकावं. घरात एखाद्याची नोकरी गेलेली असताना त्याच्या हातात दानाचं कार्ड ठेवणं मी पाहिलंय, त्या माणसाचा चेहरा मला विसरता येत नाही. तुझ्याकडे काम करणाऱ्या बाईंनाही कार्डबिर्ड नको, रोख पैसे दे आणि सुट्टी दे.

नवरा म्हणतो तसं दुकानातून काहीतरी आणायचं, तर आण, पण काहीतरी नको. चॉकलेटचंच बघ, सगळ्यात सोपी भेट म्हणून आपण तेच उचलतो. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो. २००१ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मान्य केलं की कोकोच्या शेतीतली बालमजुरीची सगळ्यात वाईट रूपं २००५ पर्यंत थांबवू. ती मुदत गेली, नंतरच्याही गेल्या, आणि २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क या संस्थेचा अहवाल आला त्यात या दोन देशांत कोकोच्या कामात सुमारे १५ लाख ६० हजार मुलं बालमजुरीत असल्याचा अंदाज होता. कोयत्याने शेंगा फोडायच्या, वजनं उचलायची. पुतण्याच्याच वयाची आणि थोडी मोठी मुलं गं ती. म्हणून चॉकलेट घेशील तर कोको कुठून आला आणि शेतकऱ्याला काय मिळतं हे जे सांगतात त्यांचंच घे, महाग पडलं तर छोटं घे. कपड्यांचंही तेच, २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात कपडे शिवायचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून जास्त कामगार गेले, आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. खूप स्वस्त स्वेटर दिसला की मला ते आठवतं आणि मी हात मागे घेते. जुनी पण चांगली वस्तू द्यायला लाजू नकोस, आणि चकाकीचा कागद नको गुंडाळूस, तो रिसायकल होत नाही.

संस्था निवडताना नोंदणी बघ, वार्षिक अहवाल आणि ऑडिट झालेला हिशेब वेबसाइटवर आहे का बघ, फोन करून विचार की गेल्या वर्षी नेमकं काय केलंत, नीट काम करणारे लोक आनंदाने सांगतात. डिसेंबरात फॉरवर्ड होऊन आलेल्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नकोस, स्वतः त्यांच्या साइटवर जा. अनाथाश्रमात एक दिवस जाऊन खेळणी वाटायची आणि फोटो काढायचे हेही टाळ. जगभर अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान एक तरी, जिवंत असतात, गरिबीमुळे मूल घरी ठेवता येत नाही म्हणून ती तिथे असतात, त्यामुळे मूल घरीच राहावं म्हणून कुटुंबाला मदत करणाऱ्यांना दिलेलं बरं. आणि तुझं स्वतःचं दान थांबवू नकोस, तुझ्या नावाने कर आणि जमलं तर थोडं थोडं दर महिन्याला कर, नाताळला मदतीचे हात पुष्कळ असतात, पण पगार आणि औषधं मार्चमध्येही लागतात.

आता पहिलं काम पुतण्याचं. त्याच्या फुटबॉलचा साइज जावेला विचारून घे, त्या निमित्ताने तिच्याशी बोलणंही सुरू होईल. नऊ वर्षांच्या मुलांना बहुतेक चार नंबरचा लागतो. आणि त्याने पैसे कोणाला द्यायचे ठरवले ते मला जानेवारीत नक्की कळव, मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुझी,
मावशी