शेजाऱ्याचा भरवसा

प्रिय मुली,

तू गावात सभा घेतल्या, पाणी वाचवायच्या घोषणांनी भिंती रंगवल्या, तरी बोअर मारायचं कुणी थांबत नाही म्हणून तू खचली आहेस. लोकांना कळत नाही असं नाही गं. ज्याची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, त्याला पाण्याचं मोल तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तरी तो बोअर घेतो, कारण आपण थांबलो तरी शेजारी थांबणार नाही आणि आपल्या वाटचं पाणी त्याच्या उसाला जाईल, अशी त्याची खात्री असते. या भीतीवर घोषणांचा उपाय नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाऊन ये. जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा डोंगर बोडके होते, माणसं कामासाठी गाव सोडत होती. पुढे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान झालं. शेतीला बोअरवेल नाही, असंही गावानं ठरवलं. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिथला पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेल्यावर कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरवायचं. पाऊस कमी झाला तर हात सगळ्यांनीच आखडायचा. शेजारी नियम पाळतोय हे डोळ्यांना दिसतं, म्हणून आपणही पाळावासा वाटतो. विहिरीला पाणी वाढलेलं दिसलं की मग सांगावंही लागत नाही.

पैशाचा मोह वाईट का, असं तू विचारलंस. मुळीच नाही. कोकणात वेळासला कासवांची घरटी जपली जातात, त्यात पाहुणे घरोघरी उतरतात आणि चार पैसे मिळतात, याचा मोठा वाटा आहे. फक्त पैसा त्या जपण्यातूनच यायला हवा. नुसतं अनुदान असेल तर ते थांबताच कामही थांबतं.

आता भिंती राहू देत. ग्रामपंचायतीजवळ पर्जन्यमापक बसव. चार विहिरी निवड, त्यात सगळ्यात मोठ्या बागायतदाराची एक हवीच. दर पंधरवड्याला दोरी सोडून पाण्याची पातळी मोज आणि पारावरच्या फळ्यावर लिही. शाळेतली मुलं सोबत घे. पोरानं घरी सांगितलेला आकडा बाप ऐकतो. पहिल्या वर्षी नियमाचा विषय काढू नकोस. आकड्यांवरून वाद होतील, होऊ देत. "त्याच्या बोअरचं काय?" असं कुणी ग्रामसभेत उघड विचारलं, की मग नियम मांड. तो प्रश्न तुझ्या तोंडून मात्र यायला नको.

पावसाआधीचे आकडे मला कळव.

तुझा,
काका