जुनी लिवाइस जीन्स घेताय? आधी पँट उलटी करा

अरे मित्रा, घाई करू नकोस. विकणारा मागच्या खिशावरचा लाल टॅब (कंपनीचं नाव असलेली छोटी कापडी पट्टी) दाखवून "व्हिंटेज आहे" म्हणेल, पण तो टॅबच मुळात १९३६ ला आला. टॅबवर नावातला ई कॅपिटल असला तर साधारण १९७१ च्या आधीची, हे सगळ्यांना माहितीये, पण कंपनी स्वतःच जुन्या डिझाइनच्या नव्या पँटी काढते त्यावरही कॅपिटल ई असतो, म्हणून नुसत्या तेवढ्यावर पैसे टाकू नको. मागच्या खिशाच्या आत बोट घाल. १९३७ पासून तिथले रिव्हेट (खिशाचे कोपरे पक्के करणाऱ्या धातूच्या खिळ्या) बाहेरून कापडाखाली झाकलेले असायचे कारण उघड्या रिव्हेटने खुर्च्या आणि घोड्याच्या खोगिरावर ओरखडे पडायचे (तक्रारी आल्या होत्या म्हणे!), साठच्या दशकात ते काढून तिथे नुसते टाके आले.

आणि हो, सगळं श्रेय कंपनीच्या लिवाय स्ट्रॉसला देऊन मोकळा होऊ नको. रिव्हेटची आयडिया अमेरिकेतल्या रीनो गावच्या जेकब डेव्हिस शिंप्याची, स्ट्रॉस त्याचा कापडवाला. पेटंट दोघांनी मिळून घेतलं, २० मे १८७३. बेल्टचे लूप तर १९२२ ला आले, त्याआधी सस्पेंडरची (पँट धरून ठेवणाऱ्या खांद्यावरच्या पट्ट्यांची) बटणं. तेव्हा लूपवाली पँट कोणी "१९०० सालची" म्हणून विकत असेल तर सरळ पुढे चालायला लाग.