उपग्रह असताना, उल्का जळून वातावरणात उंचावर तयार झालेले धातूंचे थर बघायला जमिनीवरून लेझर कशाला?

हाच प्रश्न पीएचडी करताना माझ्या एका वरिष्ठांनी मला सुनावला होता, तोही भर बैठकीत. म्हणून लिहितोय.

रात्री अडीचची वेळ, लायडारवर (लेझर आकाशात सोडून परत आलेला प्रकाश मोजणारं यंत्र) मी एकटा. ५८९ नॅनोमीटरचा पिवळा लेझर वर सोडायचा. सोडियमचे अणू नेमका तोच प्रकाश शोषून परत फेकतात, त्यातले हाती लागतील तेवढे फोटॉन मोजायचे. ९५ किलोमीटरवरून प्रकाश जाऊन यायला मिलिसेकंदही लागत नाही, त्या वेळेवरूनच उंची कळते. नेहमीचा थर ८० ते १०५ किलोमीटरमध्ये ऐसपैस पसरलेला असतो. त्या रात्री त्याच्या आलेखात ९५ किलोमीटरच्या आसपास सुईसारखं टोक आलं. जाडी जेमतेम दोन किलोमीटर, आणि काही मिनिटांत तिथलं सोडियम दुपटीच्या वर! तासाभरात ते टोक हळूहळू खाली सरकलं आणि विरलं.

सकाळी त्या वरिष्ठांकडून उत्तर मिळालं, ‘डिटेक्टर बिघडलाय. तासाची सरासरी काढ, जाईल ते.’ अहो, त्याच डिटेक्टरवर ४० किलोमीटरवरच्या हवेचा सिग्नल रात्रभर सरळ होता. बिघाड काय फक्त ९५ किलोमीटरवर होतो? आणि तो खाली सरकतो? असे अचानक उगवणारे थर ब्राझीलमध्ये १९७८ सालीच नोंदवले गेले होते. तरी सरासरी काढली गेली आणि माझं टोक गेलं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. उपग्रह क्षितिजाकडे तिरपं बघतो, शेकडो किलोमीटरचं मिळून एकच मोजमाप देतो आणि पुढे निघून जातो. एका जागी बसून मिनिटामिनिटाला थर कसा बदलतो हे त्याला दिसणं शक्य नाही. फुगे ४० किलोमीटरच्या आसपास थकतात, रॉकेट काही मिनिटांत खाली येतं. उल्का जळून सुटलेलं हे सोडियम, लोह, पोटॅशियम नसतं तर तिथलं तापमान आणि वारा जमिनीवरून रात्रभर मोजणं फार अवघड होतं. (अणूंच्या धावपळीने वर्णरेषा, म्हणजे ते शोषतात तो ठरावीक रंग, किती रुंदावते त्यावरून तापमान, किती सरकते त्यावरून वारा.)

या क्षेत्रात येणार असाल तर प्रत्येक मिनिटाची कच्ची मोजणी जपून ठेवा, कुणीही सांगितलं तरी पुसू नका. आणि कुणी डिटेक्टरकडे बोट दाखवलं तर आधी त्याच वेळचा ४० किलोमीटरचा आलेख समोर ठेवा. मी तो बैठकीत नेला नव्हता.

हो, ढग आले की लायडार आंधळा, आणि तो एकाच ठिकाणचं आकाश बघतो. पृथ्वीभरचा नकाशा हवा असेल तर उपग्रहच लागतो.