प्लग बसला म्हणजे कीबोर्ड चालेलच असं नाही

जुना कीबोर्ड घेताना नुसता प्लग बघून भुलू नकोस. १९८१ चा आयबीएम पीसी, नंतरचा एक्सटी आणि १९८४ चा एटी, या तिन्ही संगणकांच्या कीबोर्डला तोच जाड, गोल, पाच पिनांचा प्लग. पण एटीची भाषाच वेगळी: स्कॅन कोड (कळ दाबली की कीबोर्ड संगणकाला पाठवतो ते आकडे) बदलले, शिवाय संगणकही कीबोर्डला आज्ञा देऊ लागला. एक्सटीचा कीबोर्ड फक्त बोलतो, ऐकत नाही. मीही सुरुवातीला चांगला कीबोर्ड बिघडला समजून उगाच उघडून बसलो होतो!

आधी उलटा करून बघ, काहींच्या पोटाशी एक्सटी-एटी असं बटण असतं. एटीचा कीबोर्ड पीएस/२ पोर्टला (नंतरच्या संगणकांवरचं लहान गोल सॉकेट) साध्या अडॅप्टरने चालतो. एक्सटीच्याला मात्र कोड बदलणारा कन्व्हर्टरच हवा. आणि हो, संगणक चालू असताना प्लग काढघाल करू नकोस.