राजपुत्राला विमान शिकवताना सवलत नेमकी कुठे दिली जाते?

आपला प्रश्न असा आहे की, ब्रिटनसारख्या देशांतील राजघराण्यातले लोक लष्करी वैमानिक होतात तेव्हा त्यांना इतरांइतकेच शिकावे लागते, की जन्माच्या जोरावर विंग्ज, म्हणजे वैमानिकाचे मानचिन्ह, छातीवर लागतात. आणि त्यांच्यापैकी एखादा कच्चा निघाला तर त्याला नापास करण्याची हिंमत कोणी करील का. मी लष्करी वैमानिक नाही. नागरी उड्डाणसंस्थेत काही वर्षे प्रशिक्षक होतो आणि या विषयावर बरेच वाचले आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहितो. सवलत मिळते, आणि ती लहानसहान नसते, असे माझे मत आहे. मात्र ती बहुतेक सगळी कॉकपिटच्या बाहेर मिळते. कॉकपिटच्या आत ती क्वचितच शिरते आणि शिरली तर काय होते, याचेही एक उदाहरण नोंदले गेलेले आहे.

सर्वांत उघड सवलतीपासून सुरुवात करतो. प्रिन्स विल्यम हे सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीतून अधिकारी होऊन घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये असताना, जानेवारी २००८ मध्ये त्यांना सुमारे चार महिन्यांसाठी हवाई दलात पाठवण्यात आले. भावी राजाला तिन्ही दलांची ओळख असावी, असा त्यामागचा विचार होता. या काळात त्यांनी क्रॅनवेलला ग्रोब ट्यूटर, लिंटन-ऑन-ऊझला टुकॅनो आणि शॉबरीला स्क्विरल हेलिकॉप्टर अशी तीन प्रकारची विमाने हाताळली, आणि ११ एप्रिल २००८ रोजी वडिलांच्या, म्हणजे प्रिन्स चार्ल्स यांच्या हस्ते त्यांना विंग्ज मिळाल्या. सामान्य प्रशिक्षणार्थी यांपैकी एकेका टप्प्यावर कित्येक महिने घालवतो, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पुढे जायचे की घरी, हे ठरते. त्यामुळे २००८ च्या त्या विंग्ज इतरांच्या विंग्जच्या तोडीच्या होत्या, असे मला म्हणवत नाही. तो एक आटोपशीर परिचयवर्ग होता आणि त्याच्या शेवटी मानचिन्ह ठरलेले होते.

त्याच महिन्यात जे घडले ते अधिक बोलके आहे. विल्यम ज्या शिनूक हेलिकॉप्टरच्या चमूबरोबर उडत होते, त्याच्या सरावफेऱ्यांपैकी एक त्यांच्या तेव्हाच्या मैत्रिणीच्या, म्हणजे केट मिडलटन यांच्या घराजवळच्या शेतात उतरली, तर दुसरी लंडनमध्ये प्रिन्स हॅरी यांना घेऊन आइल ऑफ वाइट बेटावर गेली, जिथे एका आतेभावाच्या लग्नाआधीची मेजवानी होती. संरक्षण मंत्रालयाने ही अधिकृत प्रशिक्षण उड्डाणे होती असे सांगितले, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटेही नसावे, कारण मोकळ्या शेतात उतरणे हा शिनूकच्या कामाचाच भाग आहे. पण ते शेत कोणाचे असावे, हे इतर कोणत्याही नवशिक्याला सुचवता आले नसते. टीका झाली ती योग्यच झाली.

आता याच व्यक्तीचे पुढचे प्रशिक्षण पाहावे. जानेवारी २००९ मध्ये विल्यम रीतसर हवाई दलात दाखल झाले, वर्षभर शॉबरीच्या हेलिकॉप्टर प्रशिक्षणशाळेत होते, आणि त्यानंतर व्हॅली येथे सी किंग हेलिकॉप्टरवर शोध व बचाव कार्याचे शिक्षण घेऊन सप्टेंबर २०१० मध्ये २२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सहवैमानिक झाले. २०१३ मध्ये ते बाहेर पडले तोवर १५६ मोहिमांत त्यांचा सहभाग होता आणि त्यांतून १४९ जणांना वाचवण्यात आले होते. हा काही शोभेचा हिशेब नाही. परंतु येथेही एक सवलत होती असे मला वाटते, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे तारखांची. ब्रिटिश लष्करी उड्डाणप्रशिक्षणात एक अभ्यासक्रम संपल्यावर पुढचा सुरू होईपर्यंत प्रशिक्षणार्थी फार काळ ताटकळतात. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २०१९ च्या अहवालात नेमके हेच दाखवून दिले होते. राजपुत्राचे वर्ष मात्र राजवाडा आणि मंत्रालय आधीच आखून ठेवतात, त्यामुळे वर्ग, विमान, प्रशिक्षक सगळे वेळेवर हजर असते. न थांबता शिकायला मिळणे ही केवढी मोठी सवलत आहे हे शिकवणाऱ्यालाच कळते, कारण दोन महिने जमिनीवर बसलेला विद्यार्थी परत येतो तेव्हा त्याचा हात पुन्हा पहिल्या पाठापासून बसवावा लागतो.

यापलीकडे, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणात, सूट देणे इतके अवघड का, हे थोडे सविस्तर सांगतो. प्रशिक्षकाच्या हाती जी सर्वांत गंभीर सही असते ती विद्यार्थ्याच्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणाची. सही झाली की प्रशिक्षक खाली उतरतो आणि विमान एका अर्धवट शिकलेल्या माणसाच्या ताब्यात वर जाते. त्यानंतर काही झाले तर चौकशीत पहिला प्रश्न त्या सहीचाच निघतो. एखाद्या वजनदार घरचा मुलगा शिकायला येतो तेव्हा बाहेरच्यांना वाटते की प्रशिक्षक हात सैल सोडत असेल. माझा अनुभव उलटा आहे. अशा विद्यार्थ्याला आपण एक-दोन फेऱ्या जास्तच करायला लावतो, कारण त्याच्या बाबतीत चूक झाली तर ती आयुष्यभर पुरेल, हे मनात असते. शिवाय लष्करात एकच प्रशिक्षक शेवटपर्यंत नसतो. ठरावीक टप्प्यांवर दुसरा परीक्षक बसतो, प्रत्येक उड्डाणाचा शेरा फाईलमध्ये लागतो, आणि एका माणसाने खुशामत केली तरी ती पुढच्याच्या लक्षात येते. बचाव हेलिकॉप्टरचे तर वेगळेच आहे. तिथे चौघांचा चमू असतो. त्यांतला एक जण दोरीला लटकून कड्यापाशी किंवा हेलकावणाऱ्या जहाजावर उतरतो आणि त्याचा जीव वैमानिकाच्या स्थिर हातावर अवलंबून असतो. ज्याला हेलिकॉप्टर एका जागी तोलून धरता येत नाही त्याच्या वंशावळीचा त्या दोरीवरच्या माणसाला काय उपयोग? असा वैमानिक चमूच स्वीकारत नाही.

यंत्राच्या बाबतीत मात्र भेद पूर्वीपासून उघडपणे केला गेला आहे. चार्ल्स १९७१ च्या मार्चमध्ये क्रॅनवेलला आले ते केंब्रिजच्या दिवसांतच खासगी वैमानिकाचा परवाना मिळवून, त्यामुळे त्यांचा अभ्यासक्रम आखडता घेण्यात आला आणि ऑगस्टमध्ये त्यांना विंग्ज मिळाल्या. त्यांच्यासाठीच्या जेट प्रोव्होस्ट विमानांची देखभाल खास निगराणीखाली होत असे. याला मी पक्षपात म्हणणार नाही. गादीच्या वारसाला जुनाट इंजिनामागे बसवून देशाला पेचात टाकणे कोणत्याच सरकारला परवडणारे नसते. पण त्या उन्हाळ्यात, डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील स्टडलंड उपसागरावर त्यांनी पॅरॅशूटमधून उडी घेतली तेव्हा त्यांचे पाय दोऱ्यांत अडकले, आणि ते त्यांना खाली येता येता स्वतःच सोडवावे लागले. देखभाल कितीही चोख ठेवली तरी हवेतला तो क्षण दुसऱ्या कोणाला वाटून घेता येत नाही.

वर ज्या उदाहरणाचा उल्लेख केला ते याच चार्ल्स यांचे आहे, पण प्रशिक्षण संपून दोन दशके लोटल्यानंतरचे. जून १९९४ मध्ये स्कॉटलंडच्या आयला बेटावर राजघराण्याच्या सेवेतले बीएई १४६ हे चार इंजिनांचे जेट उतरत होते. विमानाचा अधिकृत कप्तान हवाई दलाचा अनुभवी अधिकारी होता, परंतु नियंत्रणे चार्ल्स यांच्या हाती होती, आणि तशी ती देण्याची प्रथाच होती. वारा मागून येत होता, वेग हवा त्यापेक्षा जास्त होता, विमान धावपट्टीवर टेकायला उशीर झाला आणि ते पट्टी संपवून पलीकडच्या मातीत गेले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. चौकशीत ठपका आला तो कप्तानावर. राजपुत्र हे निमंत्रित म्हणून नियंत्रणांवर बसले होते, विमानाची जबाबदारी कप्तानाची, असा निष्कर्ष निघाला. नियमाच्या भाषेत तो बरोबरच आहे. पण प्रशिक्षक म्हणून मला त्या निष्कर्षात वेगळेच काही दिसते. उतरणे बिघडत आहे हे कप्तानाच्या खुर्चीतून दिसत असते, आणि अशा वेळी ‘नियंत्रण माझ्याकडे’ असे म्हणून दांडा हातात घ्यायला क्षणभरच मिळतो. शेजारी राणीचा मुलगा बसलेला असेल तर तो क्षण लांबतो की नाही? त्या कॉकपिटमध्ये कोणाच्या मनात काय होते, याबद्दल मी काही म्हणत नाही. परंतु हुद्द्याची भीड कॉकपिटमध्ये शिरण्याचा मार्ग परीक्षेतले गुण वाढवण्यातून जात नाही, तो असा, टोकण्यातल्या संकोचातून जातो. पुढच्याच वर्षी चार्ल्स यांनी विमाने उडवणे सोडले.

दुसऱ्या बाजूची वागणूकही ‘विशेष’च असते, ती म्हणजे अडवून ठेवण्याची. अर्जेंटिनाविरुद्धच्या १९८२ च्या फॉकलंड युद्धाच्या वेळी प्रिन्स अँड्र्यू नौदलाच्या ८२० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सी किंगचे सहवैमानिक होते आणि त्यांची नौका, एचएमएस इन्व्हिन्सिबल, युद्धावर निघाली होती. ते तेव्हा गादीच्या क्रमात दुसरे होते. विल्यम यांचा जन्म युद्ध संपल्यावर आठवड्याभराने झाला. अँड्र्यू यांना कार्यालयीन कामावर हलवावे असा सरकारचा कल होता, पण राणी एलिझाबेथ यांनी ते जहाजावरच राहतील असे ठरवले, आणि शत्रूच्या एक्झोसेट क्षेपणास्त्रांना चकवण्यासाठी हेलिकॉप्टरने स्वतः आमिष बनण्याचे कामही त्यांच्या वाट्याला आले. विल्यम यांना मात्र युद्धक्षेत्र मिळाले नाही. शोध व बचाव ही नेमणूक निवडण्यामागे हेही कारण होते, असे मला वाटते.

हॅरी यांचे प्रकरण या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. इराकला त्यांची तुकडी जायची होती तेव्हा, २००७ मध्ये, त्यांच्यामुळे सगळ्या तुकडीवर हल्ले वाढतील म्हणून त्यांना थांबवण्यात आले. पुढे अफगाणिस्तानात ते गुपचूप गेले, पण फेब्रुवारी २००८ मध्ये बातमी फुटताच परत यावे लागले. जमिनीवर त्यांचा चेहराच त्यांच्या सहकाऱ्यांना धोका होता. अपाची हेलिकॉप्टरमध्ये बसलेला माणूस खालून ओळखू येत नाही, म्हणून लष्करी वैमानिक होणे हाच त्यांच्यासाठी पुन्हा आघाडीवर जाण्याचा व्यवहार्य मार्ग ठरला. त्यांना मे २०१० मध्ये विंग्ज मिळाल्या, पुढे अपाचीवरचे दीड वर्षाचे शिक्षण फेब्रुवारी २०१२ मध्ये संपले, तेव्हा त्या तुकडीतला उत्तम सहवैमानिक-तोफची म्हणून त्यांना पारितोषिकही देण्यात आले. पारितोषिकांवर मी फार विसंबत नाही. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरपासून त्यांनी अफगाणिस्तानातील कॅम्प बॅस्टियन या तळावरून प्रत्यक्ष युद्धात जवळजवळ साडेचार महिने उड्डाणे केली, आणि अपाचीत दोघेच असतात, त्यामुळे कच्च्या सोबत्याला झाकून नेणारा तिसरा कोणी तिथे नसतो.

इतर देशांत पाहिले तर स्पेनने या सवलतीला सरळ नियमाचे रूप दिले आहे. आजचे राजे फेलिपे सहावे यांनी १९८५ ते १९८८ या काळात भूदल, नौदल आणि हवाई दल अशा तिन्ही अकादमींत एकेक वर्ष काढले, आणि त्यांची कन्या लिओनोर यांचाही कार्यक्रम तसाच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सान हाविएर येथील हवाई अकादमीत दाखल झाल्या. इतर कॅडेट एकाच अकादमीत अनेक वर्षे घालवतात. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, कारण गादीच्या वारसाला आघाडीचा वैमानिक बनवायचे आहे असा आव कोणी आणत नाही. भावी सरसेनापतीला तिन्ही दले आतून माहीत असावीत एवढाच तिचा हेतू आहे. जॉर्डनचे राजे हुसेन यांचे आणखी निराळे, कारण ते शिकू लागले तेव्हा स्वतःच देशाचे प्रमुख होते आणि त्यांना शिकवणारे जॉक डॅल्गलीश हे ब्रिटिश अधिकारी. १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये सिरियाची मिग विमाने राजांच्या विमानामागे लागली तेव्हा हेच डॅल्गलीश त्यांच्यासोबत कॉकपिटमध्ये होते.

नापास करण्याबद्दल बोलायचे तर, माझ्या समजुतीप्रमाणे तशी वेळ उघडपणे येऊच दिली जात नाही. ज्याचा कल किंवा डोळे साथ देणार नाहीत त्याला आधीच दुसऱ्या शाखेकडे वळवले जाते, आणि मध्येच अडलेल्याला स्वतःहून बाजूला होण्याची सभ्य वाट ठेवलेली असते. प्रिन्स एडवर्ड यांनी जानेवारी १९८७ मध्ये रॉयल मरीन्सचे प्रशिक्षण अर्ध्यावर सोडले ते उड्डाणाचे नव्हते, पण ती वाट कशी असते हे त्यावरून कळते. सामान्य प्रशिक्षणार्थ्याला एवढा मान राखून बाहेर पडता येत नाही, आणि हाही एक भेदच आहे.

तेव्हा एखाद्या राजवंशीय वैमानिकाची खरी पात्रता आपल्याला जोखायची असेल, तर विंग्ज लावतानाचे छायाचित्र पाहू नये. त्याला कप्तानाचा दर्जा कधी आणि कशानंतर मिळाला ते पाहावे. विल्यम यांना विंग्ज २००८ मध्ये मिळाल्या, सी किंगचे कप्तान म्हणून मान्यता मात्र जून २०१२ मध्ये, म्हणजे पावणेदोन वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष बचावकार्य केल्यावर मिळाली. पुढे ईस्ट अँग्लियन एअर अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करण्यासाठी त्यांना नागरी परवाना काढावा लागला आणि त्यासाठी १४ लेखी परीक्षा व उड्डाणाची चाचणी द्यावी लागली.