एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) शिखराच्या रुंदीवरून स्फटिकातील दोषांची घनता काढता येते का?

तुमच्या झिंक ऑक्साइडच्या पातळ थराचे (००२) शिखर, म्हणजे त्या क्रमांकाच्या अणुप्रतलांवरून आलेले शिखर, ३४.४२ अंशांवर आले आहे, अर्ध्या उंचीवरची त्याची रुंदी ०.३५ अंश आहे आणि त्यावरून तुम्हाला दोषांची घनता काढायची आहे. ती काढता येते. मात्र त्या आकड्याला नेमका किती अर्थ आहे हे आधी पाहावे, असा माझा आग्रह आहे.

प्रथम उपकरणामुळे येणारी रुंदी वजा करावी लागते. त्यासाठी लॅन्थॅनम हेक्झाबोराइडसारखा प्रमाणित नमुना त्याच स्लिट ठेवून मोजावा. समजा, ती रुंदी ०.१० अंश निघाली. शिखरांचा आकार गाऊसीय (घंटेसारखा) मानला तर वर्गांच्या वजाबाकीने ०.३३५ अंश उरतात आणि लॉरेंट्झीय (लांब शेपट्यांचा) मानला तर सरळ वजाबाकीने ०.२५. ही रुंदी रेडियनमध्ये करून शेररच्या १९१८ सालच्या, रुंदीवरून स्फटिककणाचा आकार देणाऱ्या समीकरणात घालावी. हे रूपांतर राहून गेले की स्फटिककणाचा आकार ४.३ अँगस्ट्रॉम येतो, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या ५.२ अँगस्ट्रॉम उंचीच्या एकक कोशिकेपेक्षाही लहान. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. स्थिरांक ०.९ आणि तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम धरल्यास आकार पहिल्या गृहीतकाने २४.८ नॅनोमीटर आणि दुसऱ्याने ३३.३ नॅनोमीटर येतो. त्याच्या वर्गाचा व्यस्त घेतला की घनता अनुक्रमे १.६ × १०¹⁵ आणि ०.९ × १०¹⁵ प्रति चौरस मीटर. मोजमाप एकच असूनही उत्तरांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो, म्हणून शिखराचा आकार कोणता धरला हे लिहिल्याशिवाय हा आकडा देऊ नये.

शिवाय हे सूत्र सगळी रुंदी लहान आकारामुळेच आली आहे आणि प्रत्येक कणामागे एकच डिस्लोकेशन (अणूंच्या रचनेतील रेषेसारखा दोष) आहे, असे गृहीत धरते. त्यामुळे तक्त्यात आकाराशेजारी ही घनता लिहिली, तरी वाचकाला नवी माहिती काहीच मिळत नाही. आकार आणि सूक्ष्म-विकृती (जाळीतील बारीक ताण) वेगळी करायची तर ७२.६ अंशांजवळचे (००४) शिखरही मोजून विलियमसन-हॉल आलेख (रुंदी कोनानुसार कशी बदलते ते दाखवणारा) काढावा, कारण आकारामुळे येणारी रुंदी कोनाच्या कोसाइनच्या व्यस्त प्रमाणात आणि विकृतीमुळे येणारी टॅन्जंटच्या प्रमाणात वाढते. दोनच बिंदूंतून जाणारी रेषा कच्चा अंदाज देते, एवढे लक्षात असू द्यावे.

सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब निराळीच आहे. तुमचा थर सी-अक्षाच्या (थराला लंब असलेल्या स्फटिक-अक्षाच्या) दिशेने वाढलेला आहे. त्या अक्षाला समांतर जाणाऱ्या एज डिस्लोकेशनचा (अर्धवट संपणाऱ्या अणुप्रतलाच्या कडेचा) बर्गर्स सदिश, म्हणजे जाळीच्या सरकण्याची दिशा व माप, थराच्या पातळीत असतो, म्हणून त्यांची विकृती (००२) शिखरात जवळजवळ उमटतच नाही. त्यांच्यासाठी (१०१) सारखी तिरकी प्रतले मोजावी लागतील. ऑक्सिजनच्या रिक्त जागांसारखे विखुरलेले बिंदूदोष तर शिखर रुंद करत नाहीत. ते त्याची जागा किंचित सरकवतात आणि तीव्रता बदलतात. तेव्हा प्रबंधात ‘दोषघनता’ असे मोघम न लिहिता ‘शेरर आकारावरून अंदाजलेली डिस्लोकेशन घनता’ असे लिहावे.